सायबेरिया: रशिया साठ वर्षांत पॅसिफिकला पोचला कसा?

सह्यकडा

ब्रिटिश साम्राज्यावरच्या एका धाग्यात कुणीतरी ठामपणे लिहिलं होतं की रशियाला वसाहती नव्हत्याच, तो नुसता पसरत गेला. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो. आता त्यासाठी वेगळा धागा काढतोय.

आधी आकारमान. उरल पर्वतापासून पॅसिफिकपर्यंतचा मुलूख साधारण १ कोटी ३० लाख चौरस किलोमीटर भरतो. म्हणजे चार भारत. १५८० च्या सुमारास यातलं काहीच मॉस्कोच्या झारकडे नव्हतं. १६३९ साली इव्हान मॉस्क्वितिन नावाचा कोसॅक (रशियाच्या सरहद्दीवरचा लढवय्या) तीसेक माणसं घेऊन ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यावर उभा होता. त्या वर्षी आपल्याकडे शिवाजी महाराज नऊ वर्षांचे होते. साठ वर्षांच्या आत पाच हजार किलोमीटर, आणि तेही रस्ता नसलेल्या, वर्षातले सहा-सात महिने गोठलेल्या मुलखातून.

याचं श्रेय सहसा येर्माक या कोसॅक म्होरक्याला जातं. स्त्रोगानोव हे मीठ उकळून गब्बर झालेलं व्यापारी घराणं. १५५८ पासून कामा नदीच्या खोऱ्यात झारने त्यांना जमिनी, कर माफी आणि स्वतःचं सैन्य ठेवायची मुभा दिली होती. त्यांनी येर्माक आणि त्याचे पाच-साडेपाचशे कोसॅक पदरी ठेवले. १५८२ मध्ये या लोकांनी इर्तिश नदीकाठी पश्चिम सायबेरियातल्या तातार राज्याच्या कुचुम खानाचा पराभव करून त्याची राजधानी घेतली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण १५८५ मध्ये कुचुमच्या माणसांनी रात्री छापा घातला, येर्माक नदीत बुडाला आणि उरलेले कोसॅक उरल ओलांडून परत गेले. 'सायबेरियाचा विजेता' म्हणून ज्याचे पुतळे आहेत, त्याच्या मृत्यूच्या वेळी सायबेरिया रशियाच्या हातात नव्हता.

जम बसवला तो मागून आलेल्या सरकारी तुकड्यांनी. त्यांनी कुचुमशी निकराची लढाई करण्याऐवजी नद्यांच्या संगमांवर लाकडी गढ्या बांधल्या. १५८६ त्युमेन, १५८७ तोबोल्स्क, १६०४ तोम्स्क, १६१९ येनिसेइस्क, १६३२ याकुत्स्क. नकाशा काढून ही नावं नदीवर लावून बघा. ओब, येनिसेई, लेना या तिन्ही मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात, म्हणजे पूर्वेला जाणाऱ्याच्या काहीच कामाच्या नाहीत असं वाटतं. पण त्यांच्या उपनद्या आडव्या पसरल्या आहेत. एका खोऱ्यातल्या उपनदीच्या उगमापर्यंत होडीने जायचं, मधली उंचवट्याची जमीन होड्या ओढत किंवा माल पाठीवर घेऊन ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या उपनदीत उतरायचं. अशा मोजक्या खिंडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात सगळी वाहतूक.

आता, हे सगळं कशासाठी? सेबल. मुंगसाएवढा प्राणी, अंगावर दाट काळपट लोकर. युरोपात, तुर्कस्तानात, इराणात या फरला सोन्याचा भाव होता आणि रशियाकडे परकीय चलन मिळवून देणारं दुसरं फारसं काही नव्हतं. सतराव्या शतकाच्या मध्यावर झारच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा फरमधून येत होता, असा अंदाज बऱ्याच ठिकाणी दिला जातो. फर दोन वाटांनी येई. एक यासाक, म्हणजे स्थानिक जमातींवर बसवलेला फरचा कर, काही भागांत लग्न झालेल्या पुरुषाला वर्षाला दहा सेबल आणि अविवाहिताला पाच. दुसरी वाट खासगी रशियन शिकाऱ्यांची. त्यांच्याकडून दर दहा कातड्यांमागे एक सरकारजमा.

माझं म्हणणं एवढंच आहे की रशियन लोकांचा हा वेग सत्तेच्या जोरामुळे आला नव्हता. एका खोऱ्यातले सेबल वीस-तीस वर्षांत संपायचे, की पुढचं खोरं शोधावं लागे. मंगाझेयाचं उदाहरण घ्या. १६०१ साली ताझ नदीवर, आर्क्टिक वर्तुळाच्या आसपास वसलेलं हे गाव फरच्या व्यापारावर असं भरभराटलं की त्याच्या श्रीमंतीच्या कथा मॉस्कोत सांगत. १६१९ मध्ये झारने तिथला समुद्रमार्ग बंद केला. भीती ही की त्याच वाटेने इंग्रज आणि डच व्यापारी येतील आणि जकात बुडेल. आजूबाजूचे सेबलही संपत आले. १६७२ मध्ये गाव सोडून दिलं गेलं. सत्तर वर्षांत उभं राहिलं आणि ओसही पडलं.

मतं येऊ द्यात.

गवतीचहा

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. तीस-चाळीस माणसं एवढ्या लांब जाऊन तिथल्या लोकांना कर द्या म्हणतात आणि ते देतात? बंदुका होत्या हे कळलं, पण नुसत्या बंदुकांनी वर्षानुवर्षं वसुली होत नाही.

सह्यकडा

@गवतीचहा, चांगला प्रश्न. तीन गोष्टी होत्या.

पश्चिम सायबेरियातले मान्सी आणि खांती लोक आधीपासून कुचुमला फर देतच होते. त्यांच्यासाठी वसुली करणारा बदलला. दुसरं म्हणजे जमातींमधली जुनी वैरं. एका टोळीला दुसरीविरुद्ध मदत करायची, मग दोघींकडून कर घ्यायचा. आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे ओलीस. जमातीच्या प्रमुखाचा मुलगा किंवा भाऊ गढीत कोंडून ठेवायचा. वर्षातून एकदा फर घेऊन नातेवाईक आले की त्याला बाहेर आणून दाखवायचं, जिवंत आहे म्हणून. मग कातडी मोजून घ्यायची आणि त्याला परत आत टाकायचं. गढीत वीस माणसं असली तरी यावर वसुली चालायची.

पानशेतकर

लेख भारी. सेबल संपले की पुढचं खोरं, म्हणजे तोडणी झाली की टोळी पुढच्या फडाला, तसंच की.

पण यासाक म्हणजे आपली चौथाईच नाही का? 'आमच्यापासून तुम्हाला आम्हीच वाचवतो, त्याचे पैसे द्या.' मराठ्यांनी केलं तेच कोसॅकांनी केलं. मग त्याला वसाहतवाद का म्हणायचं?

कोरा कागद

@पानशेतकर, चौथाई महसुलाचा हिस्सा होती. ती मूळ सत्ताधीशाकडून घेतली जायची, रयतेशी थेट संबंध बहुधा नसायचा, आणि त्यासाठी तह व्हायचे, सनदा निघायच्या. यासाक डोईवर होता, प्रत्येक पुरुषाचं नाव वहीत लिहून. आणि चौथाई नाण्यांत. इथे फरच हवं. म्हणजे जो माणूस स्वतःच्या कुटुंबासाठी मासे धरायचा, रेनडियर पाळायचा, त्याला हिवाळाभर सेबलच्या मागे रानात फिरावं लागे. त्याच्या जगण्याची रीतच बदलली.

याकुत्स्कचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथले साखा लोक गुरं-घोडे पाळणारे. १६४० च्या सुरुवातीला तिथला वोयेवोदा (सुभेदार म्हणा) प्योत्र गोलोविन याने त्यांच्या गुरांची मोजणी करायला घेतली. गुरं मोजली की कर वाढणार हे कुणालाही कळतं. १६४२ मध्ये साखांनी उठाव केला. गोलोविनने तो इतक्या क्रूरपणे मोडला की त्याचेच सहकारी अधिकारी त्याच्याविरुद्ध मॉस्कोला तक्रारी लिहीत होते.

खडूस_आजोबा

सगळ्यांना एकाच काठीने हाकायची ही नवी फॅशन. सायबेरिया रिकामा होता हो. एवढ्या अफाट मुलखात दोन-सव्वादोन लाख माणसं. मेक्सिको आणि पेरूमध्ये स्पॅनिशांनी जे केलं त्याच्याशी याची तुलना होऊच शकत नाही. शिवाय रशियन तिथे जाऊन स्थानिकांशी लग्नं करून राहिले. साखांची भाषा आजही आहे, त्यांचं प्रजासत्ताक आहे. अमेरिकेत किती जमातींचं असं आहे ते सांगा.

मृण्मयी_

आजोबा, साखांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यांच्या प्रजासत्ताकात आजही निम्म्याहून अधिक लोक साखा आहेत. पण साखा संख्येने मोठे होते, गुरं बाळगून होते, म्हणून टिकले. बाकीच्यांचं काय?

देवीची साथ १६३० च्या दशकात पश्चिम सायबेरियात शिरली आणि १६५० च्या दशकात येनिसेईच्या पलीकडे पोचली. ज्या लोकांनी ती कधी पाहिलीच नव्हती त्यांचे तळच्या तळ उठले. कामचात्कातल्या इतेलमेन लोकांचं अठराव्या शतकात काय झालं ते वाचा. आधी करवसुलीचे अत्याचार, मग १७०६ पासून पुनःपुन्हा उठाव आणि ते मोडण्यासाठी कत्तली, आणि १७६८-६९ च्या देवीत हजारो मेले. आज इतेलमेन भाषा बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अल्यूशन बेटांवरच्या लोकांना समुद्री ऊदमांजरं मारायला सक्तीने नेत, बायका-मुलं ओलीस ठेवून.

आणि खबारोव. अमूर नदीवर १६५१ मध्ये त्याने दौर लोकांची एक तटबंदी घेतली. त्यात ६६१ माणसं मारली, बायका-मुलं पकडली, हे त्याने स्वतःच आपल्या अहवालात लिहून कळवलंय, मोठ्या समाधानाने. आज खबारोव्स्क शहर त्याच्या नावाने आहे आणि स्टेशनसमोर त्याचा पुतळा आहे.

लग्नांबद्दलही एक. त्यातल्या बऱ्याच बायका लढाईत धरून आणलेल्या किंवा विकत घेतलेल्या होत्या. त्याला रोटी-बेटी व्यवहार म्हणायचं का?

खडूस_आजोबा

खबारोवचं समर्थन मी करत नाहीये. मुद्दा प्रमाणाचा होता. असो.

गवतीचहा

+१ मृण्मयी_

खबारोव अमूरला का गेला होता पण? तिथे तर सेबल लेनाच्या मानाने कमीच ना?

सह्यकडा

धान्यासाठी! याकडे कुणी फार लक्ष देत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या गढ्यांमधल्या कोसॅकांना पगारात रोख थोडी आणि राईचं पीठ जास्त मिळायचं. याकुत्स्कच्या थंडीत राई पिकवणं महामुश्कील. पीठ यायचं पश्चिमेकडून, होडीवरून, खांद्यावरून, पुन्हा होडीवरून. वाटेत भिजायचं, सडायचं, चोरीला जायचं, आणि पोचेपर्यंत दीड-दोन वर्षं उलटलेली. सरकारने उरलच्या अलीकडच्या जिल्ह्यांवर सायबेरियासाठी धान्य पाठवण्याची सक्ती केली होती आणि ते शेतकरी त्याने पार पिचून गेले. त्यातलेच कितीतरी पळून सायबेरियात गेले, हाही एक विनोदच. तिथे जमीनदार नव्हते, वेठबिगारीतली कुळं नव्हती. सरकारला सारा दिला की बाकी मोकळीक.

तर १६४० च्या सुमारास कुणी सांगितलं की दक्षिणेला एक मोठी नदी आहे, तिच्या काठचे लोक शेती करतात. १६४३ मध्ये वसिली पोयार्कोव १३० च्या आसपास माणसं घेऊन निघाला. दौर लोकांनी सुरुवातीला धान्य दिलं. पोयार्कोवने त्यांचे प्रमुख ओलीस धरले. मग धान्य बंद. झेया नदीकाठच्या त्या हिवाळ्यात त्याची चाळीसेक माणसं भुकेने मेली, आणि उरलेल्यांनी प्रेतं खाल्ली, असं वाचलेल्यांनीच जबानीत सांगितलं. त्याच्या नंतर गेला तो खबारोव.

अमूरला मात्र एक अडचण होती जी लेनावर नव्हती. दौर लोक मांचू सत्तेला कर देत होते, आणि मांचूंनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं होतं.

कोरा कागद

हां, इथून मला आवडणारा भाग.

कुचुम सोडला तर तोवर रशियनांच्या समोर कुठे राज्य नव्हतंच. इथे पहिल्यांदा तोफा, होड्यांचं आरमार आणि दफ्तर असलेलं राज्य समोर आलं. मांचू बादशहा कांग्शीने १६८५ आणि १६८६ असे दोनदा अमूरवरच्या रशियनांच्या अल्बाझिन गढीला वेढे घातले. १६८९ मध्ये नेर्चिन्स्कला तह झाला. आपल्याकडे त्याच वर्षी संभाजी महाराजांची हत्या झाली आणि राजाराम महाराज जिंजीच्या वाटेला लागले.

तहाची गंमत अशी की रशियनांना मांचू येत नव्हती, मांचूंना रशियन. मांचूंच्या बाजूने दुभाषे कोण? परेरा आणि जर्बियाँ हे दोन जेझुइट पाद्री. त्यामुळे तहाचा अधिकृत मसुदा लॅटिनमध्ये आहे. दोन्ही बाजूंनी त्यावर सह्या-शिक्के केले. रशियाने अमूर सोडलं, बदल्यात चीनशी व्यापाराची परवानगी मिळवली. फर द्यायचं, रेशीम आणि पुढे चहा घ्यायचा. १७२७ नंतर हा व्यापार क्याख्ता या सीमेवरच्या गावातून चालला.

गेलेलं अमूर रशियाने परत मिळवलं ते १८५८ आणि १८६० च्या तहांनी, जेव्हा चीन ताइपिंग बंड आणि अफूच्या युद्धात गळ्यापर्यंत बुडाला होता. जवळपास दहा लाख चौरस किलोमीटर, लढाई न करता. व्लादिवोस्तोक त्याच १८६० सालचं. चिनी शाळांमध्ये हे तह आजही 'असमान तह' म्हणूनच शिकवतात.

अडगुळंमडगुळं

अवांतर: तोबोल्स्कची घंटा कुणालाच आठवली नाही? १५९१ मध्ये उग्लिच गावात छोटा राजपुत्र दिमित्री मेला. घंटा बडवून लोक जमवले गेले, दंगा झाला, काही अधिकारी ठार झाले. गावकऱ्यांना शिक्षा म्हणून सायबेरियात हद्दपार केलं, आणि घंटेलाही! तिला फटके मारले, तिची जीभ काढली, एक कान तोडला आणि तोबोल्स्कला पाठवून दिली. १८९२ मध्ये ती उग्लिचला परत आली. सायबेरियात हद्दपार झालेल्यांच्या यादीत ती अगदी पहिल्या काहींमध्ये.

अतिअवांतर: अफनासी निकितिन १४६९ च्या आसपास आपल्या चौलला उतरला, तो त्वेरहून निघालेला व्यापारी. व्होल्गाच्या मुखाशी, अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं, म्हणून तो पुढे इराणकडे आणि तिथून इकडे आला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ती व्होल्गा मॉस्कोच्या ताब्यात आली १५५२ ला कझान आणि १५५६ ला अस्त्राखान पडल्यावर. त्याशिवाय उरलकडे जाणं जमलंच नसतं.

पानशेतकर

घंटेचा किस्सा _/\_

बरं, अलास्कापर्यंत पण हेच लोक गेले ना? बेरिंगने सामुद्रधुनी शोधली ती?

मृण्मयी_

बेरिंगच्या ऐंशी वर्षं आधी सेम्यॉन देझ्न्योव तिथून गेला होता. १६४८ मध्ये कोलिमा नदीच्या मुखातून सात होड्या आणि नव्वदेक माणसं निघाली, वॉलरसचे सुळे आणि नवं फर शोधायला. वादळांत एकेक होडी गेली. देझ्न्योव पंचवीसेक जणांसह अनादिर नदीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर फेकला गेला, आणि नदीपर्यंत चालत जाईतो त्यातले निम्मे उरले. आशिया आणि अमेरिका जोडलेले नाहीत हे यांनी प्रत्यक्ष फिरून दाखवलं, पण त्या लोकांना भूगोलाशी काय देणंघेणं! त्याचा अहवाल याकुत्स्कच्या दफ्तरात पडून राहिला. १७३६ मध्ये म्यूलर नावाच्या इतिहासकाराला तो सापडला, तोवर १७२८ ची बेरिंगची सफर होऊन गेली होती.

अलास्का हा सेबलचाच पुढचा अंक. सेबल संपत आले, मग समुद्री ऊदमांजर. तेही संपत आल्यावर, सांभाळायला परवडेना तेव्हा, १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरना विकून टाकलं.

खडूस_आजोबा

एक मात्र कुणी लिहिलं नाही. रशियन सगळीकडे जिंकले नाहीत. सायबेरियाच्या ईशान्य टोकाच्या चुकची लोकांनी त्यांना पुरतं जेरीस आणलं होतं.

सह्यकडा

आजोबा, अगदी बरोबर, आणि माझ्या मूळ मुद्द्याला यासारखा दुसरा पुरावा नाही.

चुकचींकडे सेबल नव्हते. त्यांचा एक असा प्रमुख नव्हता, त्यामुळे ओलीस धरूनही उपयोग होत नसे. धरलं तर ओलीस स्वतःचा जीव द्यायचे. १७४२ मध्ये सिनेटने त्यांचा समूळ नाश करण्याचा हुकूम काढला. त्या मोहिमांचा प्रमुख मेजर पावलुत्स्की १७४७ मध्ये त्यांच्याच हातून मारला गेला. १७६० च्या दशकात अनादिर्स्क गढीचा हिशेब तपासला गेला, तेव्हा निघालं की अर्ध्या शतकात तिच्यावर सुमारे १३ लाख ८० हजार रुबल खर्च झाले आणि यासाक मिळाला जेमतेम २९ हजारांचा. साम्राज्याने सरळ गढी सोडली. १७७१ मध्ये शेवटची तुकडी निघाली, इमारती जाळल्या आणि पुढे चुकचींशी व्यापाराचे संबंध ठेवले.

हिशेब जुळत होता तोवर हुकूम चालले. जुळेना तेव्हा मागे फिरले. त्यात कसलं आलंय 'रशियन आत्म्याचं पूर्वेकडे खेचलं जाणं'!

गवतीचहा

मग लोक खरे कधी गेले? आज तिथे बहुसंख्य रशियनच आहेत ना.

कोरा कागद

१७०० च्या सुमारासच रशियन संख्येने स्थानिकांच्या पुढे गेले होते. पण लोंढा लागला तो १८६१ ला कुळांची गुलामी संपल्यावर आणि १८९१ ला रेल्वेचं काम सुरू झाल्यावर. पहिल्या महायुद्धापर्यंत काही दशलक्ष शेतकरी गेले.

वसाहत होती की नव्हती, या सुरुवातीच्या प्रश्नाला धरून एक सांगतो. रेल्वे झाल्यावर सायबेरियाचा स्वस्त गहू रशियात येऊ लागला, तेव्हा तिथल्या जमीनदारांनी ओरड केली. १८९६ मध्ये सरकारने चेल्याबिन्स्कला असा मालवाहतूक दर लावला की त्यापुढे पश्चिमेला धान्य नेणं महाग पडावं. एकाच देशात, एकाच रुळावर. मग सायबेरियातल्या शेतकऱ्यांनी धान्याऐवजी गाई पाळून लोणी काढायला घेतलं. बर्फ भरलेल्या डब्यांच्या गाड्यांतून ते बाल्टिक बंदरांवर आणि तिथून डेन्मार्क-इंग्लंडला जायचं. निकोलाय याद्रिन्त्सेव्हने १८८२ मध्येच, येर्माकच्या मोहिमेला तीनशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने, सायबेरिया ही वसाहत आहे आणि तिला तसंच वागवलं जातंय, असं छापून मांडलं होतं. तो स्वतः ओम्स्कमध्ये जन्मलेला रशियन होता.

पानशेतकर

ब्रिटिशांच्या धाग्यात ज्याने ते वाक्य टाकलं होतं त्याला इथली लिंक देऊन आलोय. बघू येतो का.